रेला ते मंडई : नाच, पेहराव, खेळ आणि बाजार

रेला हे एका नाचाचे नाव आहे, त्या नाचाबरोबरच्या गाण्याचे आहे आणि त्या गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या पालुपदाचेही आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना मिळतात. त्या मुलखातल्या माडिया गोंडांचे लग्न किंवा पंडुम, म्हणजे सण, रेलावाचून पार पडत नाही. भामरागडच्या तीनेक किलोमीटर अलीकडे हेमलकसा आहे. बहाव्याच्या झाडाला तेलुगूत रेला म्हणतात आणि काही जण नाचाचे नाव त्या झाडाशी जोडतात. अहेरी-सिरोंच्याकडे तेलुगू सर्रास बोलली जाते, त्यामुळे तिथे ही व्युत्पत्ती चटकन पटते. नाचणाऱ्यांना तिची गरज पडलेली दिसत नाही.

नाच पाहायला सोपा आणि करायला दमवणारा आहे. बाया-मुली एकमेकींच्या कमरेत किंवा खांद्यावर हात गुंफून रांग धरतात, रांग हळूहळू वाकत जाते आणि तिचे वर्तुळ होते. ढोल पुरुषांकडे असतो. एक जण ओळ टाकते, उरलेल्या ती उचलतात. काही ओळी पिढीजात असतात, काही ऐनवेळी जुळवलेल्या; लग्नात व्याह्यांची टिंगल करायला या दुसऱ्या प्रकारच्या ओळी कामी येतात. पावले गावागणिक थोडी बदलतात, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी असते: या नाचाला मुळात प्रेक्षक नाही. कडेला उभा राहिलेला माणूस थोड्या वेळाने रांगेत ओढला जातो, आणि पहाट होईपर्यंत रांगेतली माणसे बदलत राहतात. गोंडी परंपरेत संगीताचा मूळपुरुष पारी कुपार लिंगो मानला जातो. बस्तरच्या मुरिया गोंडांच्या कथांत तो एकटाच अठरा वाद्ये एकदम वाजवतो, आणि गोटुल ही संस्थाही त्यानेच घालून दिली असे सांगतात. गोटुल म्हणजे गावातल्या तरुणांचे एकत्र बसण्याचे घर. भामरागडच्या बाजूला गावाची बैठक आणि पाहुण्याचा मुक्कामही तिथेच होतो. व्हेरियर एल्विन यांचा मुरिया गोटुलवरचा ग्रंथ 1947 साली निघाला आणि हा शब्द जगभर गेला. त्यानंतर गोटुलविषयी बाहेर जे लिहिले गेले त्यातल्या बऱ्याच मजकुरातून त्या संस्थेपेक्षा लिहिणाऱ्याचे कुतूहलच अधिक कळते.

गाणे आणि नाच यांनी कपड्यांवर, खेळावर आणि व्यापारावर किती ताबा मिळवावा, याचे जगातले ठळक उदाहरण जमैकाचे आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत 1950च्या दशकात मोठमोठे कर्णे आणि रेकॉर्डप्लेअर घेऊन रस्त्यावर नाच भरवणारी ‘साउंड सिस्टिम’ मंडळी उभी राहिली. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे त्यांतले दोन मातब्बर प्रतिस्पर्धी. ते प्रवेशाचे पैसे घेत, मद्य विकत आणि दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असावी म्हणून पुढे स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करू लागले. 1960च्या दशकाच्या अखेरीस तिथून रेगे निघाला, 1970च्या अखेरीपासून डान्सहॉल. युनेस्कोने 2018 साली रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तोवर त्याच्या नावाने टोप्या, बूट, धावपटूंचे गणवेश, हॉटेले आणि पर्यटनाचे हंगाम चालू होऊन कित्येक वर्षे झाली होती.

हेमलकशाचा आणि किंग्स्टनचा तसा काही संबंध नाही. तरी एका बाबतीत दोन्ही ठिकाणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. किंग्स्टनमध्ये गाणे विकले गेले आणि त्यामागोमाग बाकी सारे विकले गेले. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात गाणे विकायची रीत नव्हती. विकले गेले ते गाण्याच्या आजूबाजूचे. ढोल वाजतो म्हणून माणसे जमतात, माणसे जमतात म्हणून दुकाने लागतात, आणि दुकाने लागली की खेळही तिथेच होतो. दक्षिणेकडे माडिया मुलखात हे अगदी मूळ रूपात दिसते. उत्तरेकडे झाडीपट्टी या धानाच्या मुलखात त्याच गर्दीतून एक तिकीट लावणारा, हंगामी, पुरता व्यावसायिक रंगमंच उभा राहिला. गडचिरोली हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला रेला आहे आणि दुसऱ्या टोकाला या रंगमंचाचे ठाणे असलेले वडसा.

पेहरावापासून सुरुवात करावी लागते, कारण बाहेरच्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा तोच भरला. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांनी 1938 साली बस्तरच्या मारिया गोंडांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी एका शाखेला नाव दिले तेच मुळी नाचाच्या शिरोभूषणावरून: गव्याची शिंगे लावणारे मारिया. शिंगांना पिसांचा तुरा आणि तोंडावर कवड्यांच्या माळांचा पडदा असा तो साज असे. गवा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे नव्या शिंगांची वाट बंद झाली आणि घरातली जुनी शिंगे सांभाळून वापरण्याची वस्तू झाली. भामरागडकडच्या रेलाचा साज याहून साधा: मण्यांच्या अनेक पदरी माळा, पांढऱ्या धातूचे गळ्यातले, केसांत खोचलेल्या फण्या, अंगावर गोंदण. लाकडाची किंवा बांबूची कोरलेली फणी ही केवळ केस विंचरायची वस्तू नव्हती. मुलाने ती कोरून मुलीला द्यायची आणि तिने नाचात ती माळायची, म्हणजे काय ते सगळ्या गावाला कळे. आठवडी बाजारात रंगीत प्लास्टिकच्या फण्या आल्या आणि हा निरोप पाठवायची एक सोय गेली.

रोजचे कपडे वेगळ्याच वाटेने बदलले. लोक बिरादरी प्रकल्प हेमलकशाला 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी सुरू केला, आणि त्यांचे पुत्र प्रकाश व सून मंदाकिनी तिथे राहायला गेले तेव्हा पुरुषांच्या अंगावर लंगोटी आणि बायांच्या कमरेला आखूड लुगडे एवढेच वस्त्र असे. लग्न झालेल्या बाईने चोळी घालायची नाही, असा संकेत आतल्या गावांत पुढेही बराच काळ टिकून होता. थंडीला आपल्या अंगावर शर्ट आणि समोरचा माणूस उघडा, हे न साहून प्रकाश आमटे यांनी पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी हा पेहराव धरला आणि तो कायमचा ठेवला. कपड्यांचा बदल एरवी बाहेरून आत येतो, इथे एका बाबतीत तो उलट दिशेने झाला. 1976 साली प्रकल्पाची निवासी शाळा निघाली. गणवेश आला, पाठोपाठ शर्ट-पँट, साडी-पोलके, आता जीन्स आणि टी-शर्ट.

यातून एक मौजेची गोष्ट झाली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महोत्सवात किंवा मंत्र्यांच्या स्वागताला रेला होतो तेव्हा मुली एकसारख्या काठाच्या साड्या गुडघ्याच्या जरा वर नेसतात, पोलके घालतात, कपाळाला पट्टी बांधून त्यात पिसे खोचतात. गावातल्या लग्नात त्याच मुली ज्या कपड्यांत नाचतात त्यापेक्षा हा वेष कितीतरी अधिक ‘आदिवासी’ दिसतो. सगळ्यांचे एकसारखे असणे हे खास मंचाचे आहे. गावच्या रांगेत कुणाची साडी कुणाशी जुळत नाही, आणि जुळावी असे कुणाला वाटतही नाही. जुळणाऱ्या साड्या, मण्यांचे संच, पिसांच्या पट्ट्या या सगळ्यांची आता रीतसर खरेदी होते, आणि नाचापायी कपड्याला गिऱ्हाईक मिळण्याचे हे इथले पहिले रूप म्हणता येईल.

दुसरे रूप रंगाचे आहे आणि ते जमैकाच्या अधिक जवळ जाते. रास्ताफारी पंथाने इथिओपियाच्या ध्वजातले लाल, पिवळा आणि हिरवा हे रंग घेतले. हा पंथ ज्यांना देव मानतो ते इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी 21 एप्रिल 1966 रोजी किंग्स्टनच्या विमानतळावर उतरले तेव्हा लोटलेल्या गर्दीने त्या पंथाचे वजन साऱ्या बेटाला दाखवून दिले. पुढे रेगेबरोबर ते रंग जगभर गेले आणि शेवटी गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात विणलेल्या टोप्यांवर येऊन बसले. गोंडवानात हे स्थान पिवळ्या रंगाला आहे. पिवळा दुपट्टा, पिवळा फेटा, सप्तरंगी झेंडा आणि ‘जय सेवा’ हा नमस्कार, हे सगळे कोया पुनेम या गोंडी धर्मविचाराच्या चळवळीने रुजवले. नागपूरचे भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली यांचे लेखन त्यामागे मोठे आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते. तिथे डोंगरातल्या गुहेकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळे दुपट्टे, गोंडी दिनदर्शिका, पुस्तके आणि गाण्यांची दुकाने लागतात. 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तोच दुपट्टा गळ्यात असतो आणि छातीवर वीर बाबुराव शेडमाके. इंग्रजांविरुद्धच्या बंडासाठी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, तुरुंगात 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी गेलेल्या या तरुण जमीनदाराचे चित्र टी-शर्टावर येण्याला दीडशे वर्षे लागली. रेगेचा गायक बॉब मार्ले याला मात्र 1981 साली मरण आले तेव्हा तो आधीच टी-शर्टावर होता.

कापडाच्या बाबतीत एक आडवळण घेण्याजोगे आहे. जमैकाच्या बायांच्या पारंपरिक वेषात डोक्याला बांधायचे जे लाल-पांढऱ्या चौकड्यांचे फडके असते ते मूळ मद्रासचे कापड. भारतातून मजुरांचे पहिले जहाज 1845 साली त्या बेटावर लागले, आणि गांजा हा शब्दही आपल्याच मजुरांबरोबर तिकडे गेला. त्यामुळे रेगेबरोबर ‘परदेशी’ म्हणून जे जे इकडे येते त्यातले सगळेच परदेशी नाही.

खेळाकडे वळताना माडिया गावात नाच आणि खेळ यांची वेगळी नोंद ठेवता येत नाही, हे आधी मान्य करावे लागते. ती फारकत शाळेने केली. त्याआधीचा सर्वांत मोठा बाजारी खेळ म्हणजे कोंबडबाजार. आठवडी बाजार अर्धा झाला की एका कडेला रिंगण तयार होते. कोंबड्याच्या एका पायाला काती, म्हणजे बोटाएवढे धारदार पाते, दोऱ्याने घट्ट गुंडाळून बांधतात. बांधणारा माणूस ठरलेला असतो आणि त्याच्या हाताला मान असतो, कारण काती जरा तिरपी बसली तर कोंबडा स्वतःलाच कापून घेतो. दोन मालक कोंबडी समोरासमोर धरून डिवचतात, मानेची पिसे फुलली की सोडतात. लढत बहुधा काही क्षणांत संपते. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या मालकाचा. रिंगणाभोवती पैजा लागतात आणि त्यांच्या मागे मोहाची दारू, भजी, चणे यांचे फड असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960चा कायदा आणि जुगारबंदीचा कायदा या दोहोंखाली हा खेळ गुन्हा ठरतो, आणि पोलिसांच्या धाडींच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. रेलाशी त्याचे नाते सरळ आहे. ज्या गर्दीला संध्याकाळी ढोल लागतो, तीच गर्दी दुपारी रिंगणाशी उभी असते.

या गर्दीवर हक्क सांगणारे पुढे दोन आले. माओवादी चळवळीने दंडकारण्यात चेतना नाट्य मंच ही सांस्कृतिक आघाडी उभारली आणि गोंडी चालींवर आपली गाणी बसवली. रेलाची रांग, ढोल, घुंगरू सारे तेच, शब्द तेवढे नवे. पोलिसांनी जनजागरण मेळावे भरवले. तिथेही स्वागताला रेला, मग साड्या-भांड्यांचे वाटप आणि गावच्या पोरांना व्हॉलीबॉलचे जाळे व चेंडू. शेडमाके आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉल-कबड्डीच्या स्पर्धा होऊ लागल्या, रेलाच्याही स्पर्धा लागल्या. ज्या नाचाला प्रेक्षक नव्हता त्याला आता परीक्षक मिळाले. किंग्स्टनमध्येही दोन राजकीय पक्षांच्या हाणामारीत संगीत सापडले होते. 22 एप्रिल 1978च्या शांतता मैफलीत मार्लेने मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सीगा या त्यांच्या हाडवैरी नेत्यांचे हात मंचावर एकत्र धरले, आणि ते छायाचित्र अजून छापले जाते. भामरागडच्या वाट्याला असे छायाचित्र आले नाही. तिथे एकाच गावच्या मुली आधी एका बाजूसाठी नाचल्या, नंतर दुसऱ्या.

नाच आणि खेळ यांची जोडी पैशात कशी उतरते ते जमैकाचा धावपटू यूसेन बोल्ट याने दाखवले. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जिंकल्यावर त्याने धावपट्टीवरच किंग्स्टनच्या गल्लीत तेव्हा चालू असलेल्या ‘गली क्रीपर’ नाचाची पावले टाकली. जमैकाच्या धावपटूंना 2002पासून प्यूमा ही कंपनी कपडे पुरवत होती. 2012च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा गणवेश बॉब मार्लेची मुलगी सेडेला हिने प्यूमासाठी बेतला. धावणे, नाचणे आणि बूट विकणे या तीन गोष्टी एकाच दहा सेकंदांत बसल्या.

झाडीपट्टीत अशी जोडी बैलांनी जमवली. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा उत्तर भाग मिळून होणाऱ्या या धानाच्या मुलखात दिवाळी संपता संपता मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. गोवारी समाजाचे लोक मोरपिसांनी सजवलेली ढाल नाचवत आणतात, डफ-सनई वाजते, दंडार होते. दंडार म्हणजे पुरुषांनीच स्त्रीवेष घेऊन करायचा, गाणी आणि सोंगे यांचा खेळ. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा आणि झाडीबोलीचा नेटाने अभ्यास केला नसता तर शहरी मराठीला तिची गंधवार्ता नसती. मंडईच्या पाठोपाठ शंकरपट येतात. दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकीवर हलक्या छकड्याला जुंपलेली एक जोडी, वर धुरकरी, आणि सेकंदाच्या अंशाने ठरणारा निकाल. पट दिवसा, नाटक रात्री, ही सांगड इथे पक्की बसली होती. पटासाठी आलेल्या पाहुण्यांना रात्री कुठे ठेवायचे हा यजमान गावचा प्रश्न होता आणि नाटक हे त्याचे उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली तरी गाडे अडूनच राहिले. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पट थांबले, नाटके थांबली नाहीत. आधार कोण कुणाला देत होते ते त्या काळात कळून आले.

या नाटकांचे ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. कारण कलेचे नसून वाहतुकीचे आहे. गोंदिया ते बल्लारशा मार्गावरचे वडसा हे अनेक दशके गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक होते. नागपूर-मुंबईकडची नटी, पडदे, ध्वनियंत्रणा सगळे तिथे उतरू शके आणि ब्रह्मपुरी, आरमोरी, नागभीड, कुरखेडा ही गावे तिथून एका रात्रीत गाठता येत. पन्नासच्या घरात नाट्यमंडळे तिथे हंगामापुरती कार्यालये थाटतात. बाहेर नटनट्यांच्या छायाचित्रांचे भडक फलक, आत टेबलावर तारखांची वही. गावचे मंडळ येते, नाटक आणि तारीख ठरवते, इसार देते. पुढचा हिशोब असा: नाट्यमंडळाला ठरलेली रक्कम, मांडव-ध्वनी-दिव्यांचा खर्च वेगळा, तिकिटे गावाने विकायची. नफा गावाचा, तोटाही गावाचा. नफ्यातून देऊळ, सभामंडप, शाळेचे काम अशी कामे झालेली आहेत. तोटा झाला तर मंडळाचे कार्यकर्ते तो वर्गणीने भरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तारीख घ्यायला जातात. एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन नाटके लागतात, तरी दोन्ही भरतात.

प्रयोग रात्री दहाच्या पुढे चढतो आणि उजाडेपर्यंत चालतो. समोर ऑर्गन, तबला, ढोलकी, हल्ली ऑक्टोपॅड. मागे प्रॉम्प्टर, कारण एका हंगामात डझनभर नाटके अंगावर घेतलेल्या नटाला सगळे संवाद पाठ असणे शक्य नसते. कथा रडवणारी, मध्ये विनोदी जोडी, आणि लावणी हवीच. शहरी समीक्षकांनी याला बटबटीत म्हटले आहे. ते खरेही आहे, पण थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या हजारो माणसांना पहाटे चारला जागे ठेवणे हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला हळू आवाजात बोलून भागत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत आठशेच्या वर भूमिका केल्या आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाणाऱ्या-नाचणाऱ्याला नावाने ओळखणे आणि त्या नावावर तिकीट विकणे, हे जमैकाने केले ते इथेही झाले. या धंद्याला लोक गमतीने झॉलीवूड म्हणू लागले आणि 2022 साली त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला.

नाटकाच्या तिकिटाहून मोठी उलाढाल मांडवाबाहेर होते. मंडईला लेकी माहेरी येतात. घरोघर पाहुणे, मटणाचा रस्सा, नवे कपडे. भांडी, बांगड्या, खेळणी, मिठाई यांची दुकाने. मुलामुलींची स्थळे याच दिवसांत पाहिली जातात, म्हणून तरुणांच्या कपड्यांवरचा खर्चही याच दिवसांत होतो. धान कापून हातात पैसा आलेला असतो. त्या पैशाने गावातून बाहेर जाण्याआधी एक फेरी गावातच मारावी, अशी ही व्यवस्था आहे. ती कुणी आखलेली नाही. होळीला हंगाम संपतो, वडशातल्या कार्यालयांवरचे फलक उतरतात आणि बहुतेक नट आपापल्या शेतावर किंवा नोकरीवर जातात. 2020 साली करोनामुळे परवानग्या अडकल्या तेव्हा झळ नटांना बसली तशी मांडववाले, जनरेटरवाले, चहाच्या टपऱ्या आणि बांगडीवाल्या बाया यांनाही बसली.

माडिया मुलखात पैशाचे वेळापत्रक याहून वेगळे. तिथे धानापेक्षा तेंदूपानाचा मे महिना महत्त्वाचा. पूर्वी चारोळीच्या मापाला मिठाचे माप अशी अदलाबदल बाजारात चाले, आणि त्यात कोण ठगला जाई ते सांगायला नको. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्यांनंतर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून वाट दाखवली होती. तेंदूची मजुरी हातात येते आणि लग्नेही त्याच सुमारास असतात. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर साउंड बॉक्सची भिंत, जनरेटर आणि गोंडी गाण्यांचे डीजे मिश्रण येते. किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमचा हा दूरचा भाऊबंद, दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नाही. दोघांत एक वाद्यही समान आहे: इथे मराठीत वाजवायच्या प्रत्येक कळफलकाला कॅसिओ म्हणतात. 1985 साली जमैकात गायक वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी खऱ्याच कॅसिओच्या एका तयार तालावर ‘स्लेंग टेंग’ हे गाणे बांधले आणि डान्सहॉल यंत्रावर गेला. त्या एका तालावर पुढे शेकडो गायकांनी आपापली गाणी म्हटली. रेलाची चालही अशीच सगळ्यांची आहे.

सगळ्यांची चाल विकायला निघाली की अडचण होते. रेलाचा प्रसार आधी कॅसेटने झाला, मग मेमरी कार्डाने. बाजारातला दुकानदार ठरावीक पैसे घेऊन कार्डात गाणी भरून देई. शुभ्रांशू चौधरी यांच्या सीजीनेट स्वरने 2010पासून साध्या फोनवरून गोंडीत बातमी आणि गाणे नोंदवायची सोय केली. तिथे गाणारा आधी आपले नाव आणि गाव सांगे. आता गाणी यूट्यूबवर असतात, तेलंगणातल्या वाहिनीवर ‘रेला रे रेला’ नावाचा लोकगीतांचा कार्यक्रम गाजून गेला आहे, आणि भामरागडच्या पोरांच्या फोनमध्ये बस्तर, आदिलाबाद आणि गडचिरोलीचे रेला एकाच यादीत वाजतात. रांगेपुढे ओळ टाकणाऱ्या बाईचे नाव त्या चित्रफितीखाली बहुधा नसते. ज्याने मिश्रण केले त्या डीजेचे असते, आणि गावाचे.